मुख्यमंत्री हलग्याला होते आणि आम्ही दुभाजक मागत होतो

कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बेळगावात भरतं, म्हणून डिसेंबर जवळ आला की आमच्या लॉजचा फोन सुरू होतो. "मॅडम, अधिवेशनाला किती रूम देता?" बसस्टँडच्या मागे चौदा खोल्या, खाली खानावळ, एवढाच आमचा पसारा. लोकांना वाटतं, अधिवेशन म्हणजे बेळगावच्या लॉजवाल्यांची दिवाळी. अहो, आमदार माझ्याकडे कशाला येतील! येतात ते ड्रायव्हर, गनमॅन आणि बंदोबस्ताचे पोलीस. माणसं चांगली, भाकरी आवडीनं खातात. पण त्या दहा दिवसांत औषध कंपन्यांचे एमआर आणि दवाखान्यात पेशंट ठेवलेले नातेवाईक, म्हणजे माझं वर्षभराचं गिऱ्हाईक, दारातून परत पाठवावं लागतं. आणि सरकारी बिलाचे पैसे येतात होळीला. कधी त्याच्याही नंतर.

2021 साली आम्ही हॉटेलवाल्यांनी ठरवलं की यंदा हलग्याच्या सुवर्णसौधात, म्हणजे अधिवेशन भरतं त्या इमारतीत, जाऊन मागायचंच. दोन वर्षं बेळगावात अधिवेशन झालं नव्हतं, कोरोनानं आधीच कंबरडं मोडलेलं. आमच्यात निम्मे उडुपीवाले, निम्मे मराठी. बैठक एका उडुपीवाल्या अण्णांच्या हॉटेलात, कारण कॉफी त्यांच्याकडेच बरी. निवेदन मी मराठीत लिहिलं, अण्णांच्या पोरानं ते कन्नडात टाईप केलं. कन्नडात त्याला 'मनवी' म्हणतात. मागण्या किती? अकरा! जो तो आपली घालत गेला. पहिली मागणी रस्त्याच्या दुभाजकाची: अण्णांच्या हॉटेलासमोरची वाट बंद केल्यामुळे गाड्या लांबून वळून याव्या लागतात. मग पाणी, कचऱ्याची गाडी, ट्रेड लायसन्स, लाईट बिल. नवव्या नंबरला एक ओळ: जीएसटी कमी करावा.

निघताना गल्लीतल्या काकांनी हटकलं, "काय गं, महामेळाव्याला यायचं सोडून सौधात चाललीस?"

"काका, लाईट बिल मराठी माणसाला कमी येतंय होय?"

त्यांना हसू आलं, पण नाराजी गेली नाही. महामेळावा म्हणजे या अधिवेशनाच्या विरोधात सीमाभागातले मराठी लोक भरवतात तो. सीमाभागात धंदा करायचा म्हणजे हे दोन्हीकडचं ऐकायचं असतंच.

हलग्याला पासासाठी साडेतीन तास उभे. आत सोडले पाच जण. मंत्री भेटले ते व्हरांड्यात, चालता चालता. कागद त्यांच्या पीएच्या हातात गेला. त्यानं पेन घेतलं, वरून खाली आला. दुभाजकापाशी म्हणाला, पालिका. कचरा, पालिका. नवव्या ओळीवर थांबला आणि म्हणाला, "अदु दिल्ली विषय री", तो दिल्लीचा विषय. आम्ही पाचही जणांनी माना डोलावल्या. शेवटी "नोडोण री", बघू या, आणि फोटो. दुसऱ्या दिवशी पेपरात तो छापून आला. त्यात मी अण्णांच्या खांद्याआड, अर्धी.

पुढच्या वर्षी 18 जुलैला हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांना असलेली करमाफी गेली आणि 12 टक्के लागले. माझी आठशेची खोली 896 ला पडायला लागली. कागल-निपाणीकडचे शेतकरी बाजाराला येतात, मुक्काम करतात, ते शंभराच्या नोटा मोजून देणारे. वरच्या 96 रुपयांचं त्यांना काय समजावणार? एक आजोबा चिल्लर परत ठेवून म्हणाले, "आठशे ठरलंय की." ते 96 मी माझ्या खिशातून घातले.

तेव्हा आमच्या सीएनं एक गोष्ट सांगितली ती अजून डोक्यातून जात नाही. जीएसटीचे दर बघायला राज्यांच्या मंत्र्यांची एक समिती सप्टेंबर 2021 मध्ये नेमली होती. हजारापर्यंतच्या खोल्यांची माफी काढण्याची शिफारस तिचीच. तिचे प्रमुख आमचेच तेव्हाचे मुख्यमंत्री, बसवराज बोम्मई. म्हणजे आम्ही सौधात उभे होतो तेव्हा समिती कामाला लागलेली होती आणि तिचे प्रमुख त्याच इमारतीत! दिल्ली विषय कसला, हलग्याचाच विषय होता. त्यांना दोष देत नाही मी. आम्ही त्यांच्यापर्यंत काय पोचवलं होतं? एका ओळीचं रडगाणं. आठशेच्या खोलीत कोण उतरतं, किती रात्री, कर लागला तर कोण परत जाईल, यातलं काही नाही. आणि वहीत सगळं होतं हो, माझ्याच अक्षरात.

सप्टेंबर 2025 मध्ये साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवर 5 टक्के झाले. खोली 840. आमच्यामुळे झालं असं कुणी म्हणायला लागलं तर मीच हसेन. त्यातही मेख आहे: खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे नव्या गाद्यांवरचा कर माझ्याच गळ्यात.

आता निवेदनात मागणी एकच ठेवायची असं मी बैठकीत भांडून घेतलं. अधिवेशनाच्या खोल्या लेखी मागा आणि बिल तीस दिवसांत द्या. सोबत रजिस्टरच्या दोन पानांची झेरॉक्स: खोली कधी दिली, पैसे कधी आले. कागद यावेळी मंत्र्यांकडे नाही, खोल्या वाटणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर नेऊन ठेवला. अण्णा फुगले, फोटो नाही म्हणून.

परवा फोन आला, "मॅडम, बारा रूम." म्हटलं, पत्र पाठवा. पलीकडे जरा शांतता. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर शिक्क्याचं पत्र आलं, कन्नडात, खोल्यांचा आकडा आणि तारखा घालून. पैशाबद्दल त्यात एक अक्षर नाही. प्रिंट काढून किल्ल्यांच्या फळीशेजारी टाचणीनं लावून ठेवलंय. दोन खोल्या मात्र दवाखान्यातल्या लोकांसाठी राखल्यात, त्या मी कुणालाच देणार नाही.