खिशाखालचा डाग

(दहावी, १९८७)

आपल्या बॅचमधल्या निदान तीसएक जणांची मापं माझ्या हस्ताक्षरात आहेत. शर्टाची उंची, छाती, शोल्डर, बाही, आणि हाफपँट असेल तर कंबर, सीट, लांबी. बाबा टेप लावून आकडे बोलायचे आणि मी पडवीच्या पायरीवर बसून लांबट वहीत उतरवून घ्यायचे. ती वही अजून माझ्याकडे आहे. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून निरोप आला तेव्हा आधी दोन दिवस मी गॅदरिंग, सहली, बक्षिसं असलं काय काय आठवत बसले, आणि मग कपाटातून ती वही काढली आणि ठरवलं की लिहायचं ते मे महिन्याबद्दलच. कारण शाळा तुमची सगळ्यांची जूनमध्ये सुरू व्हायची, आमच्या घरी ती वीस-पंचवीस दिवस आधीच सुरू झालेली असायची.

आमचं घर मालवणात, मेढ्यात. बाबांचं पायाचं मशीन पडवीत, एका बाजूला कापायचा मोठा पाट, आणि मेच्या दहा तारखेपासून त्या पाटाखाली कापडांच्या घड्या साठायला लागायच्या. पांढरं, खाकी, निळं. प्रत्येक घडीला दोरा बांधून त्यात चिठ्ठी खोचलेली, चिठ्ठीवर वहीतल्या पानाचा नंबर. गणवेशाचं कापड बाजारातून आणून द्यायचं ते लोकांनी, शिलाई बाबांची. एरवी वर्षभर ब्लाऊज, परकर, लेंगे आणि लग्नसराईत एखादा सफारी, पण वर्षाचा खरा पैसा ह्या महिन्याभरात यायचा. आणि पंचाईत अशी की मालवणातल्या घराला मेच्या शेवटी जेवढी कामं असतात तेवढी आख्ख्या वर्षात नसतात, आणि त्यातलं प्रत्येक काम डाग पाडणारं.

बघा ना. खळ्यात, म्हणजे अंगणात, रातांबे, कोकमाची फळं. ते धुवायचे, फोडायचे, आतला गर आणि बिया वेगळ्या करायच्या, सालं उन्हात टाकायची. गराला मीठ लावून जो रस सुटतो तो आजी मोठ्या टोपात धरून ठेवायची, मग सुकलेली सालं त्या रसात बुडवून परत उन्हात, परत रसात, परत उन्हात, असं पाच-सहा वेळा. तेव्हा कुठे सोलं काळीभोर आणि टिकाऊ होतात, नाहीतर श्रावणातच बुरशी. बियासुद्धा फेकायच्या नाहीत, त्या सुकवून त्यांचं मुठयाल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, पावसात भेगाळलेल्या टाचांना. हे एक. दुसरं म्हणजे मसाला. आई चुलीवर मिरच्या भाजायला बसली की पडवीत शर्टाची मापं द्यायला आलेली पोरं शिंकून शिंकून बेजार, छातीचं माप दोन-दोनदा घ्यायला लागायचं. मग ते सगळं व्हायनात, म्हणजे उखळात, मुसळानं कुटायचं, लाल धूळ उडायची. तिसरं, ताटांत घातलेली आंब्याची साठं, त्यांच्यावर माश्या, माश्या उडवायला माझा धाकटा भाऊ, आणि त्याचे हात कायम कोपरापर्यंत चिकट. आणि ह्या सगळ्यात एक दिवस घरावर माणूस चढायचा छपराचे नळे परतायला. वर्षभराची धूळ, काजळी, सुकलेली पानं, पालीची अंडी, सगळं वरून खाली.

आणि ह्याच्या मधोमध पन्नास-साठ पांढऱ्या शर्टांचं कापड.

आईनं त्यासाठी नियम केला होता. पडवीची पायरी चढायच्या आधी हात राखेनं धुवायचे आणि आजीला दाखवायचे. आजीनं वास घेऊन हो म्हटलं की मगच पाटाला हात लावायचा. काज करायचं काम ताईचं, बटणं आणि हातशिलाई माझी. पाचवीत असल्यापासून मी बटणं लावतेय, तुमच्यापैकी कुणाकुणाची शर्टाची बटणं वर्षभर तुटली नसतील तर ती माझी.

बाबा कापड बेतताना एक करायचे ते मला मोठं झाल्यावर कळलं. पोरं वर्षभरात वाढतात, म्हणून ते शिवणीत दाब ठेवायचे, हाफपँटच्या खाली दोन इंच दुमडून शिवायचे, म्हणजे पुढच्या जूनमध्ये नुसतं उसवून सोडलं की तोच गणवेश अजून एक वर्ष. ज्या घरात तीन-चार पोरं असतील तिथे जास्त दाब. हे ते कुणाला सांगायचे नाहीत, त्याचे वेगळे पैसे नाहीत. फक्त वहीत त्या नावापुढे एक छोटी फुली असायची.

आता १९८२ च्या मे महिन्याचं सांगते. आपण सहावीत जाणार होतो. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होऊन जेमतेम वर्ष झालेलं, मोठी माणसं अजून पत्त्यावर रत्नागिरी लिहून मग खोडायची. त्या वर्षी पाऊस लवकर येणार असं सगळे म्हणत होते. संध्याकाळी दांडीच्या किनाऱ्याकडे गेलं तर होड्या वर ओढून घ्यायचं काम चाललेलं, खाली ओंडके घालून, पंधरा-वीस माणसं एका आवाजात, आणि वर ओढलेल्या होड्यांवर चुडतांची झाकणं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या समुद्राचा आवाज बदललेला कळायचा. उन्हाळाभर तो सुस्त असतो, लाट येते जाते. मेच्या शेवटी तो आतून घुमायला लागतो, जमिनीतून आल्यासारखा. आजी तेवढ्यावरून सांगायची की अजून किती दिवस सोलं खळ्यात ठेवता येतील.

आपल्या वर्गात एकजण सिंधुदुर्ग किल्ल्यात राहायचा. नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. किल्ल्यात जी थोडी घरं आहेत त्यातलं एक त्यांचं. पावसाळ्यात होडीची ये-जा बंद, म्हणून जूनपासून तो मालवणात मामाकडे राहायचा आणि त्याची आई तिकडे. त्यामुळे त्यांची सगळी बेगमी मेमध्येच व्हायची. तांदूळ, मीठ, रॉकेल, मसाला, काड्यापेट्या, सगळं होडीनं किल्ल्यात न्यायचं. त्याच धावपळीत ती बाई त्याचं गणवेशाचं कापड देऊन गेली. पांढरं दीड मीटर, खाकी एक. म्हणाली, दोन दिवसांनी परत फेरी आहे, तेव्हा नेते आणि मामाकडे ठेवते, मग काय ती नारळी पुनवेक गाठ.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारच्या सुमाराला एकाएकी अंधारलं. आजी ओरडली, "पाऊस इलो गो, सोलां भितुर घेवा!" आम्ही सगळे धावलो. ताई आणि आईनं हातऱ्या गुंडाळल्या, भाऊ साठांची ताटं घेऊन पळाला, आणि मी रसाचा टोप उचलला. तो मी उचलायचा नव्हता. तो जड होता आणि माझे हात बारीक. पण मला वाटलं रसात पावसाचं पाणी गेलं तर आजीची एवढ्या दिवसांची मेहनत फुकट. पायरी चढले, आणि ओल्या पायांनी मशीनच्या पायट्याला ठेच लागली. टोप मी सोडला नाही, पण त्यातला ओंजळभर रस उडाला आणि बरोबर पाटावरच्या सगळ्यात वरच्या घडीवर. पांढऱ्या. चिठ्ठी बघायची गरजच नव्हती, उद्या न्यायचं म्हणून तीच वर काढून ठेवलेली.

बाहेर धो धो पाऊस आणि आत कुणी काही बोलत नाही. तांबडा डाग, तळहाताएवढा, बाजूला चार शिंतोडे. मी घाईघाईत साबण चोळला आणि तांबड्याचा झाला निळसर करडा. कोकमाला साबण लागला की असंच होतं, आईनं लगेच लिंबू पिळलं तर परत गुलाबी. शिंतोडे गेले, मोठा डाग फिका झाला पण हटेना. मी रडायला लागले. बाबा म्हणाले, "रडान डाग जातलो काय?" रागानं नव्हे. खरंच विचारल्यासारखं. आणि मग त्यांनी कापड निखाऱ्यांच्या इस्त्रीखाली वाळवलं आणि पाटावर पसरलं.

लाईट गेलेली होती. आजी कंदील धरून उभी, आणि बाबा खडूनं आखतायत, पुसतायत. नेहमीसारखं बेतलं तर डाग पाठीवर येत होता. उलटं केलं तर बाहीवर. मग त्यांनी कापड आडवं फिरवलं, पुढचा डावा भाग अशा ठिकाणी बसवला की डाग बरोबर छातीवर यावा. खिशाखाली. मला तेव्हा काहीच कळत नव्हतं, मला वाटलं बाबांनी आशा सोडली. पण तसं बेतताना कापड कमी पडायला लागलं. बाहीचा दाब सोडावा लागला, कॉलरच्या आतली पट्टी दुसऱ्या तुकड्याची घातली, आणि डाग पूर्ण झाकायचा म्हणून खिसा नेहमीपेक्षा पाऊण इंच मोठा. आतून मऊ अस्तर लावलं, म्हणजे ओला झाला तरी रंग वर दिसू नये. रात्री साडेअकरापर्यंत चाललं होतं ते. बटणं मीच लावली, बाबांनी दुसऱ्या कुणाला लावू दिली नाहीत.

सकाळी ती बाई आली. शर्ट हातात घेऊन तिनं बघितला, छान झालाय म्हणाली, घडी करायला लागली. मला वाटलं झालं, सुटलो. आणि बाबांनी तिच्या हातातून शर्ट परत घेतला, उलटा केला, अस्तर बाजूला करून डाग दाखवला. सगळं सांगितलं. चूक पोरीची पण जबाबदारी माझी, शिलाई घेणार नाही, आणि बाजारातून दुसरं कापड मी आणून देतो, होडी थोडी थांबवा.

मी दाराआड. माझ्या आयुष्यात मला एवढी भीती परत कधी वाटली नाही.

ती बाई जरा वेळ त्या खिशाकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी सांगल्यात ह्याच मोठा. आता दुसरा कापड कित्याक? पण झिलाक सांगू नकात हां, तो आपलो दिसभर खिसो उचलून बघीत रवतलो." आणि हसली. शिलाई तिनं पाटावर ठेवली, बाबांनी परत दिली, तिनं परत ठेवली, असं दोन-तीनदा झालं. शेवटी पैसे घेऊन गेली पण जाताना सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, एक मोठी पुडी आईच्या हातात कोंबून गेली. त्या पावसात ती सुंगटं आम्ही पुरवून पुरवून खाल्ली, कैरी घालून, आणि प्रत्येक वेळी ताटात आली की मला तो शर्ट आठवायचा.

आमचे स्वतःचे गणवेश नेहमी सगळ्यात शेवटी, शाळेच्या आदल्या रात्री. त्या वर्षी माझा स्कर्ट ताईच्या जुन्या स्कर्टातून काढलेला, उलट बाजूनं फिरवून शिवल्यामुळे नवा दिसायचा. छत्री मोडकी, पुस्तकं निम्म्या किमतीची, कव्हरं खाकी कागदाची. प्रार्थनेला उभे राहिलो तर माझ्या पुढच्याच रांगेत तो शर्ट. आपल्या बाई गणवेश तपासत आल्या, त्याच्यापाशी थांबल्या, कॉलर बघितली आणि म्हणाल्या, सुंदर बसलाय हो शर्ट, कुणी शिवला? त्यानं मागे वळून माझ्याकडे बोट केलं. मला रडू येईल असं वाटलं.

आणि तो खिसा! सगळ्यांपेक्षा मोठा खिसा म्हणून तो केवढा खूश होता आठवतंय का? कंपास सोडून सगळं मावायचं त्यात. गोट्या, शिंपले, जांभळाच्या बिया, एकदा तर जिवंत कुर्ली आणली होती. बाकीची मुलं माझ्याकडे येऊन म्हणायची, बाबांना सांग ना आम्हालापण असा खिसा. मी मान डोलवायचे. ओल्या दिवशी त्याचा शर्ट अंगाला चिकटला की माझा जीव वर-खाली व्हायचा, पण बाबांच्या अस्तरानं एकदाही दगा दिला नाही.

दिवाळीच्या सुट्टीच्या आधी त्याचं शाईपेन त्याच खिशात गळलं. मोठा निळा डाग. मधल्या सुट्टीत तो नळाखाली खिसा चोळत बसला होता, आई ओरडणार म्हणून चेहरा एवढासा. मला इतकं सांगावंसं वाटत होतं की अरे नाही ओरडणार, तिला माहितेय त्या खिशाचं. पण वचन दिलेलं. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते मशीन थांबवून हसले, मेपासून पहिल्यांदाच त्या शर्टाच्या विषयावर हसले, आणि म्हणाले, त्याला सांग उद्या शर्ट घेऊन ये, खिसा बदलून देतो. आणि मग स्वतःच म्हणाले, नको नको, नको सांगू.

बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्याची आईही नाही. म्हणजे हे माहीत असणारी मी आणि ताई दोघीच उरलो होतो, आणि वचन होतं तरी आता सांगितलं तर ती माऊली रागावणार नाही असं वाटलं म्हणून लिहिलं. घरात अजून सोलं करतो आम्ही, थोडी, भावाची बायको करते. पडवीला ग्रिल लागलं, नळे जाऊन पत्रा आला. मशीन आहे, त्यावर टीव्ही ठेवलाय हे मला आवडत नाही पण जागा नाही दुसरी.

कार्यक्रमाला येताना मी वही घेऊन येतेय. आपल्या बॅचची पानं २७ ते ५२ आहेत. ज्याला आपलं माप बघायचंय त्यानं मला भेटावं, फक्त पानं जपून उलटा, कडा ठिसूळ झाल्यात. त्याचं पान ४१. उंची २१, छाती २६, शोल्डर १२, आणि खाली बाबांच्या अक्षरात, खिसा पाऊण इंच जास्त.