तपकिरी ओघळ

१०० किलो ऑलिव्हमधून साधारण २० किलो तेल निघतं. उरते ती ओली, चिकट, जांभळट-काळी पेंड. स्पेनच्या हाएन प्रांतात तिला ‘आल्पेरुहो’ म्हणतात. आपली शेंगदाण्याची पेंड हातात घेऊन चुरता येते, हिच्यात दोन-तृतीयांश पाणीच. तशीच शेतात ओतली तर रोपं करपतात, आणि करपवण्यात मोठा वाटा असतो फिनॉलांचा, म्हणजे फळातल्या कडवट संयुगांचा. फळातली फिनॉलं तेलात जेमतेम १-२ टक्के उतरतात, बाकी सगळी या चिखलात. त्यातलं मला हवं होतं हायड्रॉक्सीटायरोसोल. तेलाचं हे अँटिऑक्सिडंट इतकं मोलाचं की २० ग्रॅम तेलात ते आणि त्याची संबंधित संयुगं मिळून ५ मिलिग्रॅम असतील, तरच युरोपात त्या बाटलीवर फिनॉलांच्या आरोग्यलाभाचा दावा छापता येतो.

डिसेंबरचा हंगाम होता, घाणे रात्रंदिवस चालू. आमच्या छोट्या प्रायोगिक प्लांटमध्ये आल्पेरुहोला १६० अंशांवर वाफ द्यायची, घट्ट भाग वेगळा करायचा, पातळ भाग कॉलममधून, म्हणजे रेझिनचे बारीक दाणे भरलेल्या उभ्या नळीतून सोडायचा. फिनॉलं रेझिनला चिकटतात, साखर आणि क्षार पाण्याने धुऊन काढायचे, मग अल्कोहोलमिश्रित पाण्याने फिनॉलं सोडवून घ्यायची. कागदावर सोपं. प्रत्यक्षात तीन आठवडे हिशेब जुळत नव्हता. कॉलममध्ये घातलेल्या हायड्रॉक्सीटायरोसोलपैकी निम्म्याहून कमी हाती येत होतं.

माझा संशय हवेवर. चिरलेलं वांगं पाण्यात टाकलं नाही तर काळं पडतं, तसं हे संयुगही हवा लागली की बिघडतं. म्हणून टाकीवर नायट्रोजन सोडला, पंपाची गळती बंद केली. फरक शून्य. रात्री झोपेतही मला मोजणीयंत्राचा तो आलेख दिसायचा, हवं तिथे बुटकं शिखर.

त्या सकाळी एक कॉलम पाण्याने धुतला जात होता आणि शेजारचा कॉस्टिक सोड्याने साफ होत होता. दोन्हींचं पाणी एकाच नालीत. घाण्याचे प्रमुख कारागीर, ज्यांना सगळे ‘माएस्त्रो’ म्हणतात, तिथून जाताना थबकले.

“हा रंग मला ठाऊक आहे,” ते म्हणाले.

दोन जवळजवळ रंगहीन ओघळ जिथे मिळत होते, तिथून पुढे नाली गडद तपकिरी झाली होती. माएस्त्रोंनी तरुणपणी डबाबंद ऑलिव्हच्या कारखान्यात काम केलं होतं. पिझ्झ्यावरची ती काळीभोर ऑलिव्हं बहुतेकदा झाडावर काळी झालेली नसतात. सोड्यात ठेवून त्यांच्यात हवा फुंकतात. त्या अल्कधर्मी पाण्यात हवा लागली की फळातली फिनॉलं काळवंडतात. त्यात मुख्य हायड्रॉक्सीटायरोसोलच.

मी नालीकडे बघत राहिले. मग धावत जाऊन धुण्याच्या पाण्याचा नमुना घेतला. तीन आठवड्यांत त्यात आम्ही फक्त साखर मोजली होती, आणि ती शून्यावर येईपर्यंत कॉलम धूत राहिलो होतो. एचपीएलसीवर, म्हणजे द्रवातली संयुगं वेगळी करून मोजणाऱ्या त्या यंत्रावर, २८० नॅनोमीटरच्या प्रकाशात शिखर वर चढलं तेव्हा माझे हात थरथरत होते. एवढा लहान, पाण्याशी सलगी असलेला रेणू! रेझिनला तो सैलच धरून असतो. साखरेचा शेवटचा कण घालवायच्या हट्टापायी मीच त्याला नालीत लोटत होते.

दुपारी नळी नालीतून काढून पिंपात सोडली. धुण्याचं पाणी कमी केलं. थोडी साखर मागे राहिली, ती पुढच्या टप्प्यात काढायची ठरवली.

आता प्रत्येक वेळी पांढऱ्या बशीत धुण्याच्या पाण्याचे दोन थेंब घेतात, वर सोड्याचा एक. तपासणी माएस्त्रो स्वतः करतात. एचपीएलसीचा निकाल यायला अर्धा तास लागतो. बशी तपकिरी होऊ लागली की ते तिथूनच हाक मारतात, आणि मी पाणी बंद करते.