लोकाच्या रानातून सायकल

बेल्जियममधल्या एका कुरणाच्या तोंडाशी वाटेवर आडवी तार होती. तारेत वीज, कारण आत गायी. पण तारेच्या एका टोकाला पिवळी प्लास्टिकची मूठ आणि मुठीत स्प्रिंग. मूठ धरायची, हूक सोडायचा, सायकल आत घ्यायची, हूक परत अडकवायचा. बाजूच्या खांबावर हातभर पाटी: कुत्रा दोरीला बांधा, कुंपण लावून घ्या. ‘खाजगी मालमत्ता, प्रवेश बंद’ वगैरे काही नाही. मालक पलीकडच्या बांधावर खुंट ठोकत होता. त्याने मान वर केली, एक बोट उचललं आणि पुन्हा हातोडा घेतला.

कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला यात धक्का कसला, हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे परका माणूस रानातून सायकल काढायला लागला तर आधी “कुणाचा रं तू?” होतं, बाकीचं नंतर.

संध्याकाळी आप्पांना फोनवर हे सांगितलं. जरा वेळ पलीकडून काहीच नाही. मग म्हणाले, “लोकाच्या रानातनं जातूस, आन मालक काय म्हणत न्हाय?” म्हटलं, वाट सार्वजनिक आहे, नकाशात आहे. “नकाशात तर आपलीबी हाय की!”

तेव्हा आजची पोस्ट सायकलची असली तरी खरी पाणंदीची आहे. सायकलवाल्यांनी वाचावी, भावकीचं भांडण असलेल्यांनी तर जरूर वाचावी.

ग्रॅव्हल बाईक आता पुण्यातही दिसते, त्यामुळे तिचं वर्णन करत बसत नाही. रेसिंग सायकलसारखं वाकलेलं हँडल, पण टायर चांगले चाळीस मिलिमीटर रुंद. गंमत म्हणजे फ्लँडर्सच्या, म्हणजे बेल्जियमच्या उत्तरेकडच्या प्रदेशाच्या, ग्रामीण भागात ग्रॅव्हल, म्हणजे खडी, फारशी नाहीच. आहे तो चिखल, शेतांमधले काँक्रीटच्या पट्ट्यांचे रस्ते (दर सांध्याला ‘टक्’ असा आवाज, तासाभराने तो डोक्यात जातो) आणि दगडी रस्ते. तरी २०२४ ची ग्रॅव्हलची जागतिक स्पर्धा इथेच झाली, हाले ते लूव्हन. पुरुषांत मॅथ्यू व्हान डर पूल जिंकला आणि महिलांत मारियान व्होस. दोघंही डच, म्हणजे शेजारच्या नेदरलँड्सचे, त्यामुळे आमच्या ऑफिसात त्या सोमवारी या विषयावर कोणी फार बोललं नाही.

मी राहतो गेंटला. स्खेल्डे नदीच्या काठाने, पूर्वी घोडे जिथून होड्या ओढत त्या रस्त्याने, आउडनार्डेपर्यंत जायचं. तिथून डोंगर सुरू होतात. डोंगर म्हणजे काय, सह्याद्री बघितलेल्या माणसाने या टेकाडांना हसावं. पण कोपेनबर्गच्या ओल्या दगडांवर बावीस टक्के चढ आला की हसू आपोआप थांबतं. शेजारच्या पाटरबर्गची गोष्ट मला जास्त आवडते. एका शेतकऱ्याला वाटलं, ‘टूर ऑफ फ्लँडर्स’ ही सायकल शर्यत आपल्याही दारावरून जावी. म्हणून त्याने शेताजवळच्या उभ्या चढावर दगड बसवून घेतले. १९८६ पासून शर्यत तिथून जायला लागली. रस्ता यावा म्हणून खटपट करणारा शेतकरी! ही गोष्ट मी आप्पांना अजून सांगितलेली नाही.

इथे नंबरांचं एक जाळं आहे, त्याचंही सगळ्यांना कौतुक. प्रत्येक सायकल-चौकाला नंबर. घरून निघताना कागदावर चार-पाच आकडे लिहायचे आणि निळ्या पाट्या बघत जायचं. लिम्बर्ग प्रांतातल्या ह्यूगो बोलन नावाच्या खाण-अभियंत्याची ही कल्पना. खाणीत बोगद्यांच्या फाट्यांना नंबर असतात, तेच त्याने जमिनीवर आणलं. तिथली शेवटची कोळसा खाण १९९२ मध्ये बंद पडली आणि १९९५ मध्ये हे जाळं सुरू झालं. सोय उत्तम आहे, पण नंबर आपल्याला बहुतेक गुळगुळीत रस्त्यावरूनच नेतात. ग्रॅव्हलवाल्यांना हव्या असतात त्या वाटा या नंबरांच्या मधल्या मोकळ्या जागेत असतात: दोन शेतांमधून, मक्याच्या भिंतींमधून, खोडावर छाटलेल्या विलोंच्या रांगेखालून, एखाद्या ओढ्याच्या कडेने. झ्वाल्म भागात पाणचक्क्यांच्या आसपास अशा वाटांचं नुसतं पेव फुटलंय. दोन वाटा मिळतात तिथे लिंडेनच्या झाडाखाली मेरीचं इवलंसं देऊळ, आत प्लास्टिकची फुलं. आपल्या शिवेवरच्या म्हसोबासारखंच.

आणि त्या वाटा तिथे टिकल्या का, तर १८४१ मुळे.

बेल्जियम स्वतंत्र होऊन जेमतेम अकरा वर्षं झाली होती. १० एप्रिल १८४१ ला कायदा आला की प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतले सगळे रस्ते आणि पायवाटा मोजून नकाशावर घ्यायच्या. देवळाला जायची वाट, गिरणीची वाट, शेतावरची वाट, काही सोडायचं नाही. प्रत्येकीला नंबर आणि तक्त्यात रुंदीसुद्धा. सगळं फ्रेंचमध्ये, कारण तेव्हा सरकार फ्रेंच बोलायचं आणि गाव फ्लेमिश, म्हणजे इथली डच. (इथले लोक त्याबद्दल अजून कुरकुरतात, तो वेगळा विषय.) ते नकाशे आज ‘जिओपुंट’ या सरकारी साइटवर फुकट दिसतात. मी रविवारच्या राइडची आखणी त्यावरच करतो. एका बाजूला १८४० च्या दशकातला हाताने रंगवलेला नकाशा, दुसऱ्या बाजूला आजचं विमानातून घेतलेलं चित्र. जुनी तांबूस रेघ मक्यातून कुठे जाते ते बघायचं आणि सोमवारी ऑफिसात पाय दुखवत बसायचं.

२०१९ मध्ये फ्लँडर्सने त्या जुन्या कायद्याच्या जागी नवा आणला. पूर्वी तीस वर्षं एखाद्या वाटेने कोणीच गेलं नाही तर ती मेली असं धरता यायचं. आता तसं नाही. वापर नाही म्हणून वाट संपत नाही. ती रद्द करायची तर नगर परिषदेला रीतसर ठराव करावा लागतो. उलट बाजूने, तीस वर्षं लोक एखाद्या खाजगी पट्ट्यातून येत-जात असतील, तर तो गावचा रस्ता म्हणून मान्य होऊ शकतो. हे मी दोनदा वाचलं. तीस वर्षांच्या वहिवाटीने हक्क मिळतो तो लोकांना! आमच्याकडे तीस वर्षं रस्ता नांगरला की हक्क कोणाला मिळतो, ते प्रत्येक गावात वेगळं सांगायला नको.

ऑफिसात एकाने विचारलं, “इंडियात शेतातून जायचा असा हक्क असतो का?” विचारणारा भला माणूस आहे, प्रश्नही साधा होता. मला उगाच झोंबला. मी त्याला कॉफी मशीनपाशी उभं करून मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ समजावला. कलम ५: वहिवाटीच्या रस्त्यात कोणी अडथळा केला तर तहसीलदार तो काढायला लावू शकतो. मग जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३: शेताला वाटच नसेल तर बांधावरून रस्ता मागता येतो. मग गावनकाशा: दोन तुटक रेघा म्हणजे गाडीवाट, एक तुटक रेघ म्हणजे पायवाट. तो म्हणाला, “मग सगळं आहेच की तुमच्याकडे.” यावर काय बोलणार? कॉफी संपली म्हणालो.

कारण सगळं आहे हे खरं. आणि गेल्या गळिताला आमच्या वरच्या रानातला ऊस डोक्यावरून मोळ्या वाहून रस्त्याला आणावा लागला, हेही खरं. पाणंदीत मधेच कोणीतरी चर मारला होता. ट्रॉली आत जाईना. तोडणीवाल्यांनी वाढीव पैसे मागितले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. अर्ज, स्थळपाहणी, पंचनामा, तारीख. तारखेला समोरचा आला नाही, पुढच्या तारखेला साहेब नव्हते.

तरीही, इथल्या लोकांनी फार फुशारकी मारू नये असं मला वाटतं. तुलना बरोबरीची नाही. इथली पायवाट मीटर-दीड मीटरची, चालणाऱ्याची आणि सायकलवाल्याची. तिच्यावरून उसाची ट्रॉली जात नाही. शेतकऱ्याला स्वतःच्या ट्रॅक्टरसाठी काँक्रीटचा रस्ता आधीच मिळालाय, जमिनी एकत्र करण्याच्या योजनांमध्ये सरकारने बांधून दिलाय. त्याच्या अंगाला काही लागत नाही, म्हणून तो बोट उचलून दाखवतो. आमच्याकडेही १९४७ च्या कायद्याने एकत्रीकरण झालं, गट नंबर त्यातूनच आले. पण त्यानंतर दोन पिढ्यांत खातेफोड होऊन माणशी काय उरलं? बारा फुटी रस्ता नुसता शंभर मीटर नेला तर साडेतीन गुंठ्यांवर जमीन जाते. ज्याच्याकडे वीस गुंठे आहेत त्याच्याकडून साडेतीन मागून बघा.

शिवाय इथेही सगळं गोमटं नाही. जुन्या नकाशातल्या पुष्कळ वाटा प्रत्यक्षात बटाट्याखाली गेलेल्या आहेत. एकदा रेघ बघत बघत गेलो तर पुढे दोन माणूस उंच हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, आत स्विमिंग पूल. इथेही लोक वाट खातात हे बघून मला जे समाधान वाटलं ते फार चांगल्या मनाचं लक्षण नसावं. फरक इतकाच की इथे वाट परत मिळावी म्हणून भांडणाऱ्या संघटना आहेत, आणि त्यातले अर्धेअधिक लोक शेतकरी नाहीत, रविवारी चालायला जाणारे आहेत. आपल्याकडे पाणंदीसाठी भांडतो तो ज्याचा ऊस अडकलाय तो. ऊस निघाला की तोही गप्प.

राइडबद्दल विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात: ऑक्टोबरनंतर या भागातली माती अशी चिकटते की टायर आणि फोर्कच्या मधे गच्च बसून चाकच फिरेना. काटकीने उकरावी लागते. बीट काढायचा हंगाम असेल तर डांबरी रस्त्यावरही चिखल असतो, वळणावर जपून. गेरार्ड्सबर्गनपर्यंत गेलात तर मॅटनटार्ट खा, फाटलेल्या दुधाचं सारण भरलेला गरम पेस्ट्रीचा गोळा. गावोगावची बेकरी रविवारी दुपारी बंद होते, आधी पोचा. आणि वीजतारेची मूठ सोडून दिली की ती फटकन मागे जाते. गायीने बघितलंय.

आप्पांची केस चालू आहे. २०२५ मध्ये शासनाने शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यायचं ठरवलं, त्यामुळे त्यांना पुन्हा उभारी आलीय. मी त्यांना इथले नकाशे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. आप्पांनी ते तालुक्याला वकिलाला दाखवले, वकील म्हणाले याचा काही उपयोग नाही. चुलते मात्र ग्रुपवर लिहितात की जुना गावनकाशा काढलाच तर पाणंद आमच्या गोठ्याच्या मधून जाते. गोठा आजोबांनी बांधलाय, ७२ च्या दुष्काळाच्याही आधी, आणि तेव्हा कोणी चकार शब्द काढला नव्हता. शिवाय त्या बाजूने कोणाची ट्रॉली जायचा प्रश्नच नाही, तिकडे ओढा आहे. मोजणीचे पैसे चुलत्यांनी भरलेत, तेव्हा नकाशाची नक्कल त्यांनीच आणावी.