उतारावरचा दुसरा गिअर

नागपूरच्या माणसाला रोजचा चढ म्हणजे स्टेशनजवळचा रामझुला पूल. तोही चढ आहे हे लक्षात येईपर्यंत संपतो. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर, परातीसारखं सपाट. सेमिनरी हिल्सला ‘हिल्स’ म्हणतात तेही कौतुकानं. बाहेर पडावं तर रस्ते पट्टीनं आखल्यासारखे, आणि समृद्धीवर तर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभाच. अशा रस्त्यांवर वर्षानुवर्षं गाडी हाकलेल्या चालकाचा उजवा पाय तयार झालेला असतो, डावा हात मात्र पाचव्या गिअरवर डुलक्या घेत असतो. मग एखाद्या रात्री व्हॉट्सॲपवर कुणीतरी टाकतं, ‘चाला बे, पचमढीले जाऊन येऊ’, आणि चार गाड्या, सोळा माणसं, तीन डबे चिवडा असा लवाजमा सातपुड्याकडे निघतो. सातपुडा काही हिमालय नाही. पण घाटाला उंचीचं फारसं कौतुक नसतं. लागोपाठ आठ वळणं आणि न संपणारा उतार एवढं त्याला पुरतं.

नागपूरकरांचे घाट ठरलेले. अमरावती-परतवाड्यावरून चिखलदरा हा एक. मेळघाट या नावातच घाटांचा मेळ आहे, आणि परतवाड्याच्या सपाटीवरून चिखलदऱ्याच्या साधारण ११०० मीटरपर्यंत रस्ता तासाभरात नेऊन सोडतो. दुसरा उत्तरेचा: सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, पचमढी. सगळा मिळून सुमारे अडीचशे किलोमीटर. शिकाऊ टोळीला हा दुसरा बरा. सौंसरच्या पुढे सिल्लेवानीचा घाट हात साफ करायला, मग दम खायला छिंदवाड्याचं पठार, त्यानंतर तामियाचा चढ, देलाखारीकडचा उतार, आणि मटकुली सोडल्यावर पुन्हा चढत चढत पचमढीच्या १०६७ मीटरवर. चढ-उतार दोन्हींची परीक्षा जातानाच होते.

मोबाइलमधला नकाशा या प्रवासाला पाच-सहा तास दाखवतो. तो एका गाडीचा हिशेब असतो, आणि त्या गाडीत बहुधा एकटा माणूस असतो. चार गाड्यांचा दहा मिनिटांचा चहा चाळीस मिनिटांचा होतो, कारण पहिल्या गाडीचा चहा संपतो तेव्हा चौथ्या गाडीतल्या काकू ‘बिनसाखरेचा एक’ सांगत असतात. म्हणून आठ तास धरावेत आणि पहाटे चारला निघावं. मे महिन्यात तर निघावंच. त्या वेळी रेडिएटरलाही गारवा असतो, शिवाय सिल्लेवानीचा घाट उजेडात लागतो.

गाड्यांचा क्रम हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित विषय. सगळ्यात तरबेज चालक पुढे, हे कुणालाही सुचतं. दुसरा तितकाच तरबेज चालक शेवटी हवा, हे फार थोड्यांना सुचतं. आणि सगळ्यात नवखा कुठे? मधे कुठेतरी नाही, थेट दुसऱ्या नंबरावर. पुढच्याचे ब्रेक लाइट पाहून त्याला कळतं कुठे हळू व्हायचं, आणि पुढच्यालाही आरशात तो सतत दिसतो. नवखा तिसरा-चौथा असला की मागे पडतो, मागे पडला की घाबरतो, आणि घाबरला की गाठायला म्हणून नेमका वळणावर ओव्हरटेक करतो. घाटात टोळीचा वेग म्हणजे सगळ्यात हळू गाडीचा वेग, आणि तो ताशी तीस किलोमीटर असेल तर तीसच. ‘काहून एवढं हळू चाल्ले भाऊ’ असं मागून कुणी म्हणालं तर त्याला पुढच्या थांब्यावर एक संत्रं द्यावं आणि गप्प करावं.

घाटात मोबाइलचं नेटवर्क जातं, म्हणजे लाइव्ह लोकेशनही जातं. त्यामुळे थांबे नावानिशी आधीच ठरवावेत, आणि एकच नियम पाळावा: प्रत्येकानं आपल्या मागची गाडी सांभाळायची. फाटा आला की मागची गाडी आरशात दिसेपर्यंत वळायचं नाही. एवढ्यावर चारच काय, दहा गाड्याही हरवत नाहीत. पेट्रोल छिंदवाड्यात भरून घ्यावं. टायरमध्ये हवा घरून निघण्यापूर्वीच, गार टायरवर, पूर्ण वजनासाठी दिलेल्या आकड्याइतकी भरावी. तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो आणि तिथेच अवाचित राहतो. डिकीतली स्टेपनीही तपासावी. तिच्यात हवा नसल्याचं नेहमी तामियाच्या जंगलातच कळतं.

चढ तसा सोपा. गाडी स्वतःच सांगते, दम लागला, गिअर उतरव. चुकतं ते एवढंच की गिअर वळणात शिरल्यावर बदलला जातो. तो वळणाआधी बदलायचा, दुसरा किंवा गाडी भरलेली असेल तर पहिला, म्हणजे वळणात दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे चढताना डाव्या हाताचं दुमडलेलं वळण आतल्या अंगाला येतं, आणि आतलं अंग नेहमी जास्त आखूड, जास्त उभं असतं. गाड्या बंद पडतात त्या तिथेच. पडली तर घाबरू नये. हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा, क्लच हळूहळू सोडावा. इंजिनाचा आवाज जड झाला आणि गाडीचं नाक किंचित उचललं गेलं की मगच हँडब्रेक सोडावा. मधल्या काळात गाडी हातभर मागे येऊ शकते. म्हणून चढावर थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं अंतर ठेवावं. आपल्याच टोळीची गाडी आहे म्हणून बंपरला बंपर लावणाऱ्यांची मैत्री घाटात मोडते. अरुंद जागी समोरून गाडी आली तर उतरणाऱ्यानं थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची; २०१७च्या वाहनचालन नियमांतही हे आहे, आणि कारण उघड आहे: उतरणारा पुन्हा सहज निघतो, चढणाऱ्याची लय एकदा तुटली की तुटली.

उताराचं मात्र तसं नाही. उतारावर गाडी तक्रार करत नाही, मजेत पळते, आणि म्हणूनच फसवते. आपल्याकडचा जुना समज असा की उतारावर न्यूट्रल टाकलं की पेट्रोल वाचतं. आता बहुतेक गाड्या इंधन मोजून फवारणाऱ्या. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधन जवळजवळ बंदच होतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. म्हणजे न्यूट्रल टाकणारा पेट्रोलही जाळतो आणि ब्रेकही. याहून वाईट म्हणजे चावीच बंद करणं. ब्रेकला जोर देणाऱ्या टाकीतली निर्वात पोकळी इंजिनच तयार करतं; इंजिन बंद केलं की दोन-तीनदा दाबेपर्यंत ब्रेक हलका लागतो, मग दगडासारखा कडक होतो. स्टिअरिंगही जड. उरलेलं काम देवाचं.

तेव्हा जो गिअर चढायला लागला असता तोच उतरायला लावावा. बहुतेक वेळा दुसरा. इंजिन घोंघावतं, मागच्या सीटवरून विचारणा होते, ‘गाडीला काही होऊन राहिलं का?’ काही होत नसतं, इंजिन गाडीला धरून ठेवत असतं. ऑटोमॅटिक गाडीत यासाठी ‘एल’, म्हणजे लो गिअर, नाही तर हातानं गिअर पाडायची सोय दिलेली असते. ती कित्येक मालकांनी शोरूमनंतर पाहिलेली नसते. ब्रेक हवाच असेल तर ठाम दाबावा आणि पूर्ण सोडावा. पाय ठेवून रेंगाळत राहिलं की चाकातली ब्रेकची तबकडी, म्हणजे डिस्क, तापते, उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषत असतं. डॉट-३ प्रतीचं नवं ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही. पाणी मुरलेलं जुनं ऑइल १४०च्या पुढे कधीही उकळू शकतं. उकळलं की नळीत बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, ऑइल नाही. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. सपाट नागपुरात न बदलताही वर्षानुवर्षं चालतं, आणि पितळ घाटात उघडं पडतं.

इशारा आधी वासातून मिळतो. गाडीत करपल्याचा वास आला की निदान सोपं आहे: चढताना आला तर क्लच, उतरताना आला तर ब्रेक. दोन्हींवर उपाय एकच, रुंद जागा पाहून अर्धा तास थांबणं. तापलेल्या डिस्कवर पाण्याची बाटली ओतण्याची हौस आवरावी, डिस्क वाकडी होते. हँडब्रेकऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावावा. आणि निघताना तो दगड उचलून कडेला टाकावा. घाटातल्या रस्त्यांवर वळणाच्या तोंडाशी जे एकटे दगड पडलेले दिसतात, ते डोंगरावरून आलेले नसतात. कुणीतरी चाकाखाली लावून तसेच सोडून गेलेले असतात.

पोटाचा घाट वेगळा. सिल्लेवानीच्या आधी तर्रीपोहे खायचे नाहीत, हे नागपूरकराला सांगणं म्हणजे उपासाला बसवणं. पण परतीच्या दिवशी खावेत. आदल्या रात्री सावजी तर नकोच. गाडी लागते ती कानामुळे: आतला कान सांगतो हलतोय, मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात स्थिर आहोत, आणि या भांडणाचा निकाल पोट लावतं. ज्याला लागते त्याला पुढे बसवावं, लांबच्या डोंगराकडे बघायला सांगावं, गोळी घ्यायची तर घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी. उलटीला सुरुवात झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबर बाहेर जाते. संत्र्याची साल हातात चुरगळून हुंगत बसल्यानं काहींना बरं वाटतं. विदर्भात हे औषध फुकट आहे.

पावसाळ्यात चिखलदऱ्याला काय नि तामियाला काय, ढग रस्त्यावर उतरतात. तेव्हा हेडलाइट अप्परवर लावू नये, धुकंच पांढरं होऊन डोळ्यांवर येतं, डिपरवरच ठेवावा. चारही इंडिकेटर चमकवत चालण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी, कारण मग वळणार कुठे हे मागच्याला कळत नाही. काच आतून धुरकटली तर फडक्यानं पुसत बसू नये, एसीची हवा काचेकडे वळवावी.

पचमढीत पोहोचल्यावर गाड्यांना सुट्टी. सुमारे १३५० मीटरच्या धूपगडावर सूर्यास्त बघायला परवाना असलेली स्थानिक जिप्सी करावी लागते. तिचा चालक उतारावर कुठला गिअर ठेवतो हे आपल्या चारही चालकांनी मुकाट्यानं पाहावं.

परत आल्यावर, गाड्या धुवायला टाकण्याआधी, चौघांची पुढची चाकं शेजारी शेजारी बघावीत. रिमवर काळसर पूड बसलेली असते, ब्रेक पॅड झिजून झालेली. तिघांच्या चाकांवर हलकीशी असते. चौथ्याची चाकं काजळ घातल्यासारखी असतील, तर तो सगळा घाट चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरला आहे, कबूल करो अगर न करो. पुढच्या खेपेला त्याची गाडी दुसऱ्या नंबरावर.