मेहरौली: कुतुबमिनारच्या पलीकडे, पाण्याच्या मागोमाग

दिल्लीदर्शनाच्या बसेस कुतुबमिनारशी तासभर थांबतात आणि पुढे निघून जातात. मिनाराच्या पाठीला लागून असलेलं मेहरौली गाव त्या तासात बसत नाही, आणि माझ्या मते या भागातली खरी बघण्याची जागा तीच आहे.

आज मेहरौली दिल्लीच्या दक्षिण टोकाला, गुरुग्रामच्या वाटेवर येते. तेराव्या शतकात मात्र दिल्ली म्हणत ती इथेच होती. यमुना इथून बरीच लांब आणि जमिनीखाली अरवलीचा कठीण खडक. राजधानीची तहान भागवायची तर पावसाचं पाणी अडवणं आणि खडक फोडून खाली उतरणं, एवढेच मार्ग होते. म्हणून मेहरौलीत राजवंशांच्या क्रमाने फिरण्यापेक्षा पाण्याच्या मागे जावं. बावड्यांपासून, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींपासून, सुरुवात करून तलावापाशी शेवट केला की गाव आपोआप समजत जातं.

मेट्रोच्या यलो लाइनवर ‘कुतुबमिनार’ स्थानकावर उतरा. नावावर जाऊ नका, मिनार तिथून चांगला दीड-दोन किलोमीटर लांब आहे. आपल्याला आधी जायचंय ते मेहरौली पुरातत्त्व उद्यानात. रिक्षावाल्याला ‘जमाली कमाली’ सांगा. नुसतं ‘उद्यान’ म्हटलं तर तो मिनाराच्या तिकीटखिडकीवर नेऊन सोडतो. उद्यानाला तिकीट नाही. सूर्योदय ते सूर्यास्त ही वेळ लक्षात ठेवा. हिवाळ्यात साडेपाचनंतर आत थांबू नये, कारण झाडी दाट आहे आणि वाटा एकमेकींसारख्या दिसतात. मोबाइलच्या नकाशावर जवळची दिसणारी पाऊलवाट पुष्कळदा कुंपणाशी किंवा पडक्या भिंतीशी संपते, तेव्हा फरसबंदी वाट सोडू नका. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. पावसाळ्यात काटेरी झुडपं वाटेवर येतात, म्हणून पायात चपला नकोत, बूट हवेत. पाणी सोबत घ्या, आत मिळेलच असं नाही.

जमाली-कमाली मशीद १५२८-२९ सालची. जमाली हे सूफी कवी. सिकंदर लोदीपासून हुमायूनपर्यंतच्या दरबारांत त्यांचा मान होता. मशिदीशेजारच्या चौकोनी खोलीत जमाली आणि कमाली यांच्या दोन कबरी आहेत आणि छतावर निळ्या-तांबड्या गिलाव्याचं अप्रतिम काम आहे. या खोलीला बहुधा कुलूप असतं. पहारेकऱ्याला नीट विचारलं तर कधी उघडून दाखवतो, कधी नाही.

जवळच बल्बनची कबर आहे. दिल्लीचा सुलतान बल्बन वारला १२८७ साली. घुमट कधीच कोसळलाय, गिलावा गळून गेलाय आणि जागा अगदी ओसाड दिसते, त्यामुळे लोक दोन मिनिटांत निघतात. इथे थांबाच. गिलावा नसल्यामुळे कमानीची हाडं उघडी पडली आहेत. कमानीच्या दगडांमधले सांधे बघा. ते आडवे नाहीत, पंख्यासारखे पसरलेत. पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांवर रेलून भार बाजूच्या भिंतींवर ढकलतात. आता कुतुब संकुलात, बल्बनच्या कबरीच्या जवळपास नव्वद वर्षं आधी उभारलेल्या मशिदीच्या उंच कमानी आठवा किंवा नंतर जाऊन पाहा. लांबून आकार तोच, पण सांधे थेट वरपर्यंत आडवे. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढत नेऊन दोन्ही बाजू वर टेकवल्या आहेत. मंदिरं बांधणाऱ्या इथल्या कारागिरांची ती जुनी रीत. भारतात टिकून राहिलेल्या खऱ्या कमानींत बल्बनच्या कबरीची कमान सगळ्यात जुनी मानतात. सांधे वाचायची ही एक खूण कळली की दिल्लीतली कुठलीही जुनी इमारत वेगळी दिसू लागते.

पुढची राजों की बावली १५०६ची, सिकंदर लोदीच्या काळातली. रुंद पायऱ्या खाली उतरताना निमुळत्या होत जातात, दोन्ही बाजूंना कमानींच्या ओवऱ्या, टोकाला गोल विहीर. उन्हाळ्यात पायरीगणिक हवा गार लागते. तळाशी शेवाळ असतं, तिथवर उतरायचा मोह आवरा. गावाच्या बाजूला असलेली गंधक की बावली तिच्याहून फार जुनी, तेराव्या शतकातला सुलतान इल्तुतमिश याच्या काळातली. नक्षी जवळजवळ नाही, नुसते दगडी खांब आणि एकाखाली एक मजले. पाण्याला गंधकाचा वास, म्हणून ते त्वचारोगांवर औषधी समजलं जाई.

इथून बाजार सुरू होतो. बसस्थानकासमोर उंचावर अष्टकोनी इमारत दिसते ती अकबराच्या दाईचा मुलगा अधम खान याची कबर. अकबराने १५६२ साली त्याला आग्र्याच्या किल्ल्यावरून खाली फेकवलं. लोक तिला भूलभुलैया म्हणतात आणि रस्ता विचारताना हेच नाव उपयोगी पडतं.

सूफी संत ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्यात जाताना डोकं झाका, चप्पल ठरलेल्या जागीच ठेवा. स्त्रियांना मजारीपर्यंत जाऊ देत नाहीत, जाळीबाहेरून दर्शन घ्यावं लागतं. गुरुवारी-शुक्रवारी गर्दी असते. फाळणीच्या दंगलीत या दर्ग्याची मोडतोड झाली होती. २७ जानेवारी १९४८ला, दिल्लीतल्या शांततेसाठीचं उपोषण सुटल्यानंतर नऊ दिवसांनी, गांधीजी इथल्या उरुसाला आले. पुढे तीनच दिवसांत त्यांची हत्या झाली.

दर्ग्याला लागून जफर महाल. तांबड्या दगडाचा, हत्ती जाईल एवढा दरवाजा शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर याने बांधवला. आत पडझड आहे. मराठी माणसाने मात्र आतल्या मोती मशिदीलगतच्या छोट्या आवारात जायलाच हवं. तिथे मुघल बादशहा दुसरा शाह आलम याची कबर आहे. महादजी शिंद्यांच्या पाठबळावर १७७२ साली दिल्लीत परतलेला, १७८४ साली त्यांना वकील-ए-मुतलक, म्हणजे बादशाहीचा सर्वाधिकारी कारभारी, नेमणारा, आणि १७८८ साली रोहिला सरदार गुलाम कादिरने ज्याचे डोळे काढले, तो हा बादशहा. महादजींच्या फौजेनेच दिल्ली परत घेतली आणि गुलाम कादिरला पकडून ठार केलं. पुण्यात वानवडीची शिंदे छत्री, म्हणजे महादजींची समाधी, पाहिलेल्याने त्या कथेची ही दुसरी बाजूही पाहावी. याच आवारात जफरने स्वतःसाठी जागा राखली होती. ती मोकळीच राहिली. तो १८६२ साली रंगूनला वारला.

बाजारातून दक्षिणेकडे चालत गेलं की हौज-ए-शम्सी. इल्तुतमिशने १२३०च्या सुमारास खोदवलेला हा तलाव पावसावर भरतो. तो बिघडतो कसा हेही जुनंच आहे. चौदाव्या शतकातला सुलतान फिरोजशाह तुघलक लिहून ठेवतो की लोकांनी पाणी येण्याचे मार्ग बुजवले होते. त्याने त्यांना शिक्षा केली आणि मार्ग मोकळे केले. आज चहूबाजूंनी घरं आलीत, उताराचं पाणी गटारात जातं आणि तलावात शेवाळ साचतं. तलावाचं पोट खोल आहे आणि काठ निसरडा, लहान मुलांना सांभाळा. काठावरचा जहाज महाल लोदी काळातला.

तलावातलं जादा पाणी जवळच्या ‘झरना’ नावाच्या बागेत उतरे. तिथले हौद आणि कारंजी आज कोरडी असतात. पूर्वी ‘फूलवालों की सैर’ला अख्खी दिल्ली इथे जमायची. फुलांचा पंखा योगमायेच्या देवळात आणि फुलांची चादर दर्ग्यात, अशी ती जत्रा. इंग्रजांनी १९४२ साली बंद पाडली, नेहरूंनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा सुरू करवली. पावसाळा सरल्यावर दिल्लीत असाल तर तारखेची चौकशी करून जा.

एवढ्याला रमतगमत चार-पाच तास लागतात. कुतुबमिनार त्याच दिवशी करायचाच असेल तर सकाळी आधी मिनार आणि मग उद्यान. उलट केलं तर दुपारच्या गर्दीत सापडाल. परतीला तलावापासून छतरपूर मेट्रो स्थानकाची रिक्षा धरा. संध्याकाळी गुरुग्रामकडची वाहतूक तुंबायच्या आत निघालेलं बरं.