म्हातारीचं पुढे काय झालं

ती म्हातारी काही केल्या डोक्यातून जात नाही. एका चिनी वेब-कादंबरीच्या दुसऱ्या जगातली, सत्तरच्या दशकातल्या चिनी खेड्यातली. प्रकार क्विक ट्रान्समायग्रेशन: नायिका एकेका जगात कुणाच्या तरी देहात शिरते, 'सिस्टीम' नावाच्या अदृश्य यंत्रणेने दिलेलं मिशन पुरं करते आणि पुढच्या जगात जाते. मिशन शंभर टक्के, सिस्टीमचा 'टिंग', आणि पुढच्याच ओळीत नायिका कुठल्याशा हॉटेलच्या बाथरूममध्ये डोळे उघडते, अंगावर ओला ड्रेस. म्हातारीचा उल्लेख नाही. पुढेही येणार नाही, क्विक ट्रान्समायग्रेशनची रीतच ती. मग एवढं का लागावं?

कारण ते जग लिहिलंय झकास. शहरातून खेड्यात धाडलेली पोरं, दिवसभर राबायचं ते मजुरीऐवजी मिळणाऱ्या गुणांसाठी, कापडालाही कुपन. 1977च्या ऑक्टोबरात कॉलेजची प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू झाल्याची घोषणा, पेपर डिसेंबरात. गावातल्या पोरांना तयारीला जेमतेम दोन महिने. नायिकेला मात्र सगळं आधीच ठाऊक, म्हणून ती वर्षभर गुपचूप गणितं सोडवतेय. या प्रकाराची खरी ताकद इथे दिसते: पुढचं माहीत असलेली एक मुलगी आणि काहीच माहीत नसलेलं गाव. प्रेमही त्यातूनच उगवतं. हिरो रॉकेल आणून देतो, वही आणून देतो, तोंडाने एक शब्द नाही. चाळीस चॅप्टर लागतात त्याला.

आणि म्हातारी. शहरातल्या खाणावळीत कुपनाशिवाय भात मिळत नसे, आणि खेड्यातल्या माणसाला धान्याचं कुपन सहज मिळत नसे. आपल्या वाटणीचं धान्य देऊन ते बदलून घ्यावं लागे. तिने तेच केलं, नायिकेसाठी. आठ ओळींत आटोपलंय सगळं.

तिसऱ्या जगात त्याच हिरोला प्रेमात पडायला चार चॅप्टर पुरतात. घोडं पेंड खातं ते इथे. प्रत्येक जगातला हिरो एकाच आत्म्याचा तुकडा, ही युक्ती तशी हुशारीची. नायिका जगागणिक नवा पुरुष धरते, असं कुणाला म्हणता येत नाही. कानामागचा तीळ दिसला की आपण ओळखायचं. पण ओळख पटली की लेखिका प्रेम जुळवायचे कष्टच सोडून देते. पाचव्या जगापर्यंत तीळ आणि मत्सर, एवढाच स्वभाव उरतो त्याला.

धंद्याचं गणितही आहेच म्हणा. जिनजियांगसारख्या चिनी साइटवर सुरुवातीचे चॅप्टर फुकट, पुढे व्हीआयपी, म्हणजे पैसे मोजून, दर हजार अक्षरांमागे. जग बदलतं तिथे वाचक गळतात, म्हणून नवं जग उघडतं ते संकटातच: कुणी औषध पाजलेलं, कुणी थोबाडीत मारलेली. त्या धांदलीत मागच्यांची चौकशी कोण करणार.

पण करता येते. नायिकेला त्या जगात आयुष्य काढू द्यायचं, मग मागे राहिलेल्यांच्या नजरेतून एक जास्तीचा चॅप्टर द्यायचा. अनेक लेखिका देतात. इथे मिशन संपताच उचललंय तिला. मग त्या देहात मूळ मुलगी परतली की सिस्टीमची नक्कल राहिली? कुपनं गेली कुणाच्या हाती? उत्तर नाही. उत्तराच्या जागी काय, तर 'भावना सौम्य करण्याची सेवा', पॉइंट मोजून. नायिका ती विकत घेते आणि मोकळी होते. वाचणाऱ्याने काय करायचं? सगळं जिव्हारी लावून घ्यायचा मक्ता काय आपलाच?

तसं पाहिलं तर तक्रार विचित्रच आहे. आठ ओळींच्या बाईने एवढं छळावं, हे लेखिकेला जमलंय म्हणूनच ना? हिरोवर शेकडो चॅप्टर खर्च केलेत, त्याचं पुढे काय झालं हे विचारावंसंही वाटत नाही. तिसऱ्या जगातलं फेस-स्लॅपिंगही, म्हणजे दुष्टांना चारचौघांत तोंडघशी पाडणंही, फक्कड आहे, खोट्या ऑडिशनचं रेकॉर्डिंग भर पत्रकार परिषदेत वाजतं तो प्रसंग तर दोनदा वाचावा असा.

पुढचं जग झोंबींचं आहे. तिथे साइड कॅरेक्टर जीव लावायला उरतच नाहीत, पहिल्या तीन चॅप्टरांत खाल्ली जातात.