आमची वाटचाल : आधी पाणी, मग लोणी

केसांना लावायचे लोणी बनवण्याच्या आमच्या व्यवसायाचा उगम माझ्या मुलीच्या केसांतील गुंत्यात आहे. मी मूळची साताऱ्याची, माझे यजमान घानातील कुमासीचे, आणि आमचे घर लंडनच्या पेकहॅम भागात. मुलीचे केस वडिलांच्या वळणावर गेलेले, अगदी घट्ट वेटोळ्यांचे. माझी आई मला तेल चोपडून बारीक दातांच्या फणीने विंचरत असे, तसेच मीही दर रविवारी मुलीला विंचरत असे. तिचे रडणे थांबत नसे आणि फणीत तुटलेल्या केसांचा पुंजका येई.

सासूबाई कुमासीहून राहायला आल्या, तेव्हा त्यांनी प्रथम ती फणी उचलून कपाटात ठेवली. केसांचे चार भाग करून त्यांनी ते पाण्याने ओले केले, टोकाकडून मुळाकडे सरकत बोटांनी गुंता सोडवला आणि मग शिया या आफ्रिकी झाडाच्या बियांपासून काढलेले लोणी, ज्याला त्या ‘न्कुतो’ म्हणतात, तळहातांवर वितळवून टोकांना चोळले. सरळ केसांवर टाळूचे तेल आपोआप खाली उतरते. वेटोळ्या केसांत ते टोकापर्यंत पोहोचत नाही, आणि प्रत्येक वळणावर केस कमकुवत असतो, म्हणून तो लवकर कोरडा होतो व तुटतो. ओलावा पाण्यातून मिळतो आणि तेल किंवा लोणी तो धरून ठेवते, हे मला त्या दिवशी उमगले. इतकी वर्षे मी कोरड्या केसांवरच तेल घालत होते.

शेजारच्या मैत्रिणींनी मुलीचे केस पाहून लोणी मागितले आणि शनिवारी आमच्या ओट्यावर काम सुरू झाले. हे लोणी उत्तर घानातील बायका शियाच्या बिया भाजून, दळून, पाण्यात हाताने घुसळून काढतात. आम्ही ते वितळवून त्यात खोबरेल मिसळतो. पहिल्या खेपेस ते रव्यासारखे कणीदार झाले. शियातील निरनिराळी स्निग्धाम्ले वेगवेगळ्या तापमानाला गोठतात, त्यामुळे मिश्रण सावकाश निवले की कण धरतात. आता भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून, ढवळत, झटपट गार करतो.

खरा धडा जवसाच्या गराने दिला. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर उकळून, अंड्याच्या पांढऱ्यासारखे दाट झाल्यावर गरम असतानाच मलमलच्या फडक्यातून गाळले की केस मऊ ठेवणारा उत्तम गर मिळतो. आम्ही त्याच्या वीस बाटल्या विकल्या आणि दहा दिवसांत त्यांना आंबूस वास येऊ लागला. ज्यांच्या घरी त्या गेल्या होत्या त्या सर्वांना मी स्वतः जाऊन पैसे परत केले. तेव्हापासून पाणी असलेला कोणताही पदार्थ आम्ही विकत नाही. कृती मात्र कागदावर लिहून फुकट देतो आणि आठवड्याच्या आत, शीतकपाटात ठेवूनच वापरायला सांगतो. जे विकतो त्याचा ब्रिटनच्या नियमाप्रमाणे सुरक्षा-अहवाल करून घेतला. त्याचा खर्च आमच्यासारख्यांना जड गेला, पण तो टाळण्याचा विचारही मनात आला नाही.

केस बळकट करण्याच्या उपायांत आपल्या घरचे पुष्कळ आहे. मी आवळा, माका आणि मेथी यांची ओळख करून द्यायला गेले, तर बहुतेक गिऱ्हाइकांच्या घरी ती चूर्णे आधीपासूनच होती. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे मुंबईतील संशोधकांनी 2003 साली दाखवले. म्हणून न्हाण्यापूर्वी ते लावण्याचा आमचा आग्रह असतो. अंड्यातील प्रथिनांचे रेणू मात्र मोठे असल्याने ते केसावर वरवरच बसतात, आणि गरम पाण्याने धुतल्यास अंडे केसांतच शिजते. प्रथिनांचे लेप वरचेवर लावले तर केस ताठ होऊन काडीसारखे मोडतात. एका मुलीचे तसे झाले होते. तिला आम्ही दीड महिना फक्त पाणी आणि लोणी वापरायला सांगितले. लोण्याने केस अधिक वेगाने वाढतात, असे आम्ही कोणालाही सांगत नाही. आहेत ते तुटायचे थांबतात, म्हणून लांबी दिसू लागते.

केसांची उत्पादने विकणाऱ्या अमेरिकेतील कृष्णवर्णीय उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर यांनी स्वतःचे केस गळू लागल्यावर उपाय शोधले आणि पुढे 1910 साली इंडियानापोलिसला आपला व्यवसाय नेला. आमचा पसारा एका ओट्याएवढा आहे, पण गिऱ्हाइकांत त्यांचे नाव निघाले की मला उभारी येते.

आज माझ्याबरोबर दोघीजणी काम करतात. सासूबाई दरवर्षी येतात, डबा उघडतात, चिमूटभर लोणी तळहातावर घेऊन वितळायला किती वेळ लागतो ते पाहतात आणि मगच झाकण लावू देतात.